अ‍ॅनिमेशनमधल्या दोन लाख नोकऱ्या कुठल्या स्टेशनवर उतरतील?

प्रश्न असा आहे: "मी डोंबिवलीला राहतो, अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे अ‍ॅनिमेशन चित्रपटांचं दिग्दर्शन करायचंय. सरकारचं नवं धोरण, दोन लाख नोकऱ्या, मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था दुपटीवर नेणार, हे सगळं वाचतो. पण ओळखीतले सीनियर रात्री अकरापर्यंत अंधेरी-गोरेगावात अडकलेले दिसतात आणि पगार काही वर्षं होता तिथेच आहे. हा उद्योग वाढला तर त्याचा वाटा शहराच्या काठावर राहणाऱ्यांपर्यंत पोचतो का? आणि दिग्दर्शकाच्या हातात यातलं काही असतं का?"

पोचतो, पण वाटेत बराच गळतो. आणि दिग्दर्शकाच्या हातात बरंच काही असतं. बहुतेक दिग्दर्शकांना ते मान्य नसतं, कारण मान्य केलं की जबाबदारी येते. मी पेन्सिल आणि लाइटबॉक्सच्या काळात इनबिटवीनर, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली चित्रं काढणारा, म्हणून लागलो. आता दिग्दर्शन करतो आणि बजेटच्या कागदावर सहीही करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडंफार दिसतं.

आकडे आधी हातावेगळे करू. सप्टेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाने मुंबई महानगर प्रदेशाचा आर्थिक आराखडा मांडला. १४० अब्ज डॉलरची अर्थव्यवस्था २०३० पर्यंत ३०० अब्जांवर न्यायची, असं त्यातलं उद्दिष्ट. वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स (चित्रपटात संगणकावर घातलेली दृश्यं), गेमिंग, कॉमिक्स आणि आभासी-मिश्र वास्तव दाखवणाऱ्या एक्सटेंडेड रिअ‍ॅलिटीसाठीचं धोरण मंजूर केलं. २०५० पर्यंत ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा, ५० हजार कोटींच्या गुंतवणुकीची अपेक्षा, दोन लाख रोजगार. बातमीत मथळा ३,२६८ चा होता. पण त्यातले पहिल्या टप्प्यातले, म्हणजे २०३१ पर्यंतचे, फक्त ३०८ कोटी आहेत आणि उरलेले २,९६० पुढच्या वीस वर्षांतले. म्हणजे तुमच्या उमेदवारीच्या वर्षांत अख्ख्या राज्याच्या वाट्याला वर्षाकाठी साठेक कोटी. आमच्या धंद्यात एवढ्यात एक बऱ्यापैकी चित्रपट होतो. धोरणाला नावं ठेवायची नाहीत. कर्नाटकाने असं धोरण २०१२ मध्येच आणलं होतं, आपण उशिरा का होईना जागे झालो. पण त्या दोन लाखांवर घराचं गणित मांडू नका.

नोकऱ्या किती, यापेक्षा त्या कामाच्या कुठल्या टप्प्यावरच्या, हे बघा. अ‍ॅनिमेशनपटाचं काम साधारण असं चालतं: गोष्ट, पात्रांचं डिझाइन, स्टोरीबोर्ड (गोष्ट शॉटनुसार चित्रांत मांडणं), मग अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे बोर्डची चित्रं आवाजासकट वेळेत बसवून तयार केलेला कच्चा चित्रपट. त्यानंतर लेआउट, मॉडेल, रिग (पात्र हलवता यावं म्हणून आत घातलेला सांगाडा), प्रत्यक्ष अ‍ॅनिमेशन, लाइटिंग, रेंडर (संगणकाकडून पक्क्या फ्रेम काढून घेणं), कॉम्प (सगळे थर एकत्र जोडणं). पहिल्या चार टप्प्यांवर थोडी माणसं असतात, पण चित्रपट कोणाचा आणि कसला, हे तिथे ठरतं. नंतरच्या टप्प्यांवर माणसं शेकड्यांनी लागतात. मुंबईतलं पुष्कळसं काम या दुसऱ्या अर्ध्यातलं. बोर्ड लॉस एंजेलिस, टोरांटो किंवा पॅरिसहून येतो, इथे शॉट होतात, फायली परत जातात. याला आम्ही सर्व्हिस वर्क म्हणतो. त्यात कमीपणा काही नाही; माझी आणि माझ्या बरोबरीच्या बहुतेकांची घरं त्यावरच उभी राहिली. पण ते काम इथे का येतं? तयार चित्रपटाच्या एका सेकंदामागचा दर कमी पडतो म्हणून. उद्या दुसऱ्या देशात दर आणखी कमी झाला किंवा तिकडच्या सरकारने करसवलत वाढवली की काम उठून जातं.

कधी कधी कंपनीच उठते. 'लाइफ ऑफ पाय'च्या व्हीएफएक्सला २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं, त्याच महिन्यात ते काम करणाऱ्या रिदम अँड ह्यूज या अमेरिकी स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यांची ऑफिसं मुंबई आणि हैदराबादलाही होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हीएफएक्सचं काम करणारा टेक्निकलर समूह कोसळला. निर्णय झाला पॅरिस-लंडनकडे, आणि बेंगळुरू-मुंबईतल्या हजारो मुलांना काही दिवसांत कळलं की उद्यापासून काम नाही. त्यांच्या कामात खोट नव्हती. विकास दराच्या तक्त्यात ही मुलं आधीच्या वर्षी 'निर्माण झालेले रोजगार' या रकान्यात बसली असणार. वाढ न्याय्य आहे का, हे पाहायचं तर पडझडीचा भार कोणावर गेला, तेही त्या तक्त्यात यायला हवं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, कारण मला खरं बोलायचंय ते त्यावर.

एक शॉट घेऊ. टू-डी, सहा सेकंदांचा. लोकलचा लेडीज डबा, संध्याकाळ. एक बाई खिडकीशी बसून गवार निवडतेय. मांडीवर पिशवी, निवडलेली गवार एका डब्यात, शेंडे-देठ कागदात. गाडी सांधा बदलते तेव्हा तिचे हात क्षणभर थांबतात आणि पुन्हा चालू होतात. सेकंदाला २४ फ्रेम, दर दोन फ्रेमना एक चित्र धरलं तर सहा सेकंदांत ७२ चित्रं. बाई एका लेव्हलवर, म्हणजे चित्राच्या एका थरावर, हात आणि गवार दुसऱ्या, पिशवी तिसऱ्या, डब्याचा हेलकावा वेगळा, खिडकीबाहेरचं दृश्य वेगळं. की-अ‍ॅनिमेटर महत्त्वाच्या पोज काढतो, इनबिटवीनर मधली चित्रं भरतो, क्लीनअप आर्टिस्ट रेषा पक्की करतो, मग रंग, मग कॉम्प. पाच-सहा माणसांच्या हातून हा शॉट जातो. (८० मिनिटांचा चित्रपट याच हिशेबाने, नुसतं एकच लेव्हल धरलं तरी, ५७,६०० चित्रांचा होतो. ज्यांना अ‍ॅनिमेशन म्हणजे कॉम्प्युटरचं बटण वाटतं त्यांना हा आकडा सांगत जा.)

शॉट झाला. दिग्दर्शक बघतो आणि म्हणतो, "छान आहे. पण चौथ्या सेकंदाला तिने खिडकीबाहेर बघायला हवं होतं. तिचं स्टेशन आलंय का, हे बघावं तिने."

सूचना चांगली आहे. अभिनयाच्या दृष्टीने शॉट सुधारणार. पण मान वळली की खांदा वळणार, पदर हलणार, हातांची लय मोडणार. चौथ्या सेकंदापासून शेवटपर्यंतची छत्तीस चित्रं गेली, आणि मान वळण्याची तयारी दाखवायची तर आधीची चार-पाचही. सगळ्या लेव्हलवर. क्लीनअप पुन्हा, रंग पुन्हा. हीच सूचना अ‍ॅनिमॅटिक बघताना सुचली असती तर बोर्ड आर्टिस्टने अर्ध्या तासात एक चित्र घालून दिलं असतं.

या रिटेकचा, म्हणजे पुन्हा कराव्या लागलेल्या कामाचा, खर्च कोणाच्या खिशातून जातो? निर्मात्याचं बजेट ठरलेलं आहे. स्टुडिओचा सेकंदाचा दर ठरलेला आहे. खाली काम करणाऱ्यांपैकी बरेच जण 'कन्सल्टंट' म्हणून असतात. पगारपत्रक नाही, पीएफ नाही, बिलातून दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि पैसे अप्रूव्ह झालेल्या सेकंदांवर मिळतात. फिल्मच्या काळात हाच हिशेब फुटांवर होता: ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला दीड फूट. त्यामुळे आजही कामाच्या कोट्याला 'फुटेज' म्हणतात. अप्रूव्ह न झालेल्या सेकंदाला पैसे नाहीत. म्हणजे दिग्दर्शकाला उशिरा सुचलेल्या कल्पनेची किंमत बदलापूरचा इनबिटवीनर भरतो. त्याला कोणी विचारत नाही आणि हिशेबाच्या कुठल्याही कागदावर ते दिसत नाही.

म्हणून मी नव्या दिग्दर्शकांना सांगतो: तुमची कला अ‍ॅनिमॅटिकमध्ये ओता. तिथे दहा वेळा मोडा, पुन्हा बांधा, भांडा, रडा. पण लॉक, म्हणजे पक्कं, केल्यावर हात आवरा. लॉक झालेल्या अ‍ॅनिमॅटिकला नंतर धक्का लावायचाच असेल तर त्याचे पैसे बजेटमध्ये आधी धरून ठेवा आणि काम करणाऱ्याला द्या. मी दर चित्रपटाच्या बजेटमध्ये रिटेकची वेगळी ओळ लिहितो आणि पहिल्या बैठकीतच निर्माता ती खोडायला निघतो. मग मी म्हणतो, खोडा, पण मला सुचणं बंद होणार नाही; त्याचे पैसे तुम्ही कुठून देणार तेवढं लिहा. बहुतेक वेळा ओळ राहते. दर वेळी राहत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. दिग्दर्शक डेलीज किती वाजता बघतो, म्हणजे दिवसभराचे शॉट तपासून सूचना कधी देतो, यावर स्टुडिओचं सामाजिक शास्त्र ठरतं असं माझं मत आहे. आमच्यातले काही जण दुपारी उगवतात, संध्याकाळी सातला डेलीज लावतात आणि त्याला सर्जनशीलता म्हणतात. सातला सूचना मिळाल्या की 'जरा करूनच जा' सुरू होतं. जो गोरेगावात राहतो तो नऊला घरी जेवायला जातो. जी बाई वसईची किंवा कल्याणची आहे, तिला लहान मूल आहे, ती संध्याकाळी सहा-सव्वासहाला काम आटोपून निघतेच. त्यामुळे ती डेलीजना नसते, सूचना तिला दुसऱ्याच्या तोंडून कळतात. वर्षभराने 'लीड' कोणाला करायचं याची चर्चा होते तेव्हा नाव कोणाचं निघतं? जो रात्री समोर बसलेला असतो त्याचं. कामाची प्रत नंतर. जवळ घर असणं ही अशी न लिहिलेली पात्रता होऊन बसते, आणि अंधेरी-गोरेगावात घर असणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

डेलीज सकाळी अकराला लावल्या की यातलं अर्धं सुटतं. खर्च शून्य. दिग्दर्शकाला फक्त सकाळी उठावं लागतं.

प्रवासावरून आठवलं. आमच्या मध्य रेल्वेवाल्यांना पूर्वी अंधेरी गाठायची म्हणजे घाटकोपरला उतरून ३४० नंबरची बस, आणि साकीनाक्याला ती एकदा अडकली की अडकली. किंवा दादरला बदला, जमलं तर चढा. जून २०१४ मध्ये घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. अवघी ११.४ किलोमीटर, बारा स्टेशनं. डोंबिवली-ठाण्याच्या अ‍ॅनिमेटरांच्या आयुष्यात तिने जेवढा फरक पाडला तेवढा माझ्या पाहण्यात एकाही उद्योग धोरणाने पाडलेला नाही. त्याआधी 'सेंट्रलचा आहेस? रोज जमेल का?' हा प्रश्न मुलाखतीत सर्रास यायचा. मेट्रोनंतर तो कमी झाला. पण मेट्रो घाटकोपरपर्यंतच. त्यापुढचा प्रवास तोच आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या गाड्यांच्या दारांतून माणसं पडून मेली, ती कामावर निघालेलीच होती. महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत; आमचे स्टुडिओ प्रामुख्याने एकीत आहेत आणि कामगार उरलेल्या आठांतून येतात. ३०० अब्ज डॉलरचा आराखडा यशस्वी झाला की नाही, हे मी तरी कल्याणच्या फलाटावर सकाळी आठला उभा राहून ठरवीन.

मग स्टुडिओ ठाण्याला, महापेला, कल्याणला का नेत नाही? भाडं कमी, माणसं जवळ. एक कारण म्हणजे डबिंग, साउंड, चॅनेलवाले, जाहिरातवाले सगळे पश्चिम उपनगरांत बसतात आणि त्यांना पूल ओलांडायचा कंटाळा असतो. दुसरं कारण खरं आहे आणि बाहेर फारसं माहीत नसतं: परदेशी कामाच्या सुरक्षा अटी. बंद खोली, मोबाइल बाहेर, कामाच्या मशीनला इंटरनेट नाही, दारावर कार्ड, वर्षाकाठी तपासणी. अशी खोली दोन ठिकाणी उभारणं महाग पडतं. लॉकडाउनमध्ये नाइलाजाने मशीनं घरोघरी गेली, अटी सैल झाल्या आणि काम झालंही. पण वन रूम किचनमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मॉनिटर ठेवून, घरात चार माणसं असताना शॉट करणं काय असतं, ते ज्यांनी केलं त्यांना विचारा. घरून काम हा समतेचा उपाय तेव्हाच होतो जेव्हा घरात टेबल असतं. डोंबिवली किंवा अंबरनाथला पंचवीस-तीस मशीनांचा, चांगल्या वातानुकूलनाचा आणि पक्क्या विजेचा भाड्याने मिळणारा मजला, हे धोरणातल्या मोठ्या उद्योग पार्कपेक्षा लवकर कामाला येईल.

स्वतःचा आशय मात्र कुठेही बसून करता येतो, तिथे अटी आपल्याच असतात. २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा 'छोटा भीम' आला, २०१२ मध्ये मुंबईच्या कॉसमॉस-मायाचा 'मोटू पतलू'. त्यावर कलेच्या अंगाने काय बोलायचं ते बोला, मीही बोलतो. पण इथे लिहिलेल्या, इथे डिझाइन झालेल्या मालिका वर्षानुवर्षं चालल्या आणि त्यांनी मुलांना सलग काम दिलं, हे खरं. वर सांगितलेले पहिले चार टप्पे त्यांच्यामुळे इथे आले. लेखक लागला, बोर्ड आर्टिस्ट लागला, पात्र घडवणारा लागला.

इथेच हक्कांचा मुद्दा येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या लेखकांना, गीतकारांना आणि संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, तो त्यांनी आधी सोडून दिला तरी जात नाही. ज्याने पात्र कागदावर पहिल्यांदा काढलं त्याला असं काही नाही. दिग्दर्शकालाही नाही. पात्र दप्तरावर छापलं, बिस्किटाच्या पुड्यावर आलं, तरी काढणाऱ्याचे पैसे पहिल्या बिलातच संपलेले असतात. उद्योग वाढतो तेव्हा वरची मलई कुठे जाते, याचं सगळ्यात सरळ उत्तर हे आहे. यावर माझ्या पाहण्यातला चालणारा उपाय म्हणजे करारात लिहून घेणं. मर्चंडाइजच्या उत्पन्नातला छोटासा टक्का, एक असला तरी, मूळ डिझाइन आणि बोर्ड टीमला. लहान निर्माते कधी कधी मान्य करतात, कारण त्यांच्याकडे आत्ता द्यायला पैसे नसतात. मोठे हसतात.

शिक्षणाचं सांगायचं तर एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टून फिल्म युनिट उभारलं, तेव्हा डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. १९५७ चा 'द बॅनियन डियर' त्यातूनच झाला. ॲनिमेटर राम मोहन तिथे घडले, पुढे स्वतःची संस्था काढली, आणि जपानच्या युगो साको यांच्या 'रामायणा'चं सहदिग्दर्शन केलं. त्यांनी तयार केलेली माणसं नंतर देशभर पसरली. त्या पिढीने हे शिकून घेतलं ते सरकारी नोकरीत, पगार घेत. आज तेच शिकायला आई-बाप काही लाख भरतात, बऱ्याचदा कर्ज काढून, आणि मुलगा पहिली सहा महिन्यांची 'इंटर्नशिप' फुकट करतो. फुकट राबणं परवडतं त्याचाच या धंद्यात शिरकाव होतो. उरलेले कुठल्या तरी कॉल सेंटरला जातात. त्यांच्यातले काही आमच्यापेक्षा चांगलं काढत असत. जुलै २०२५ मध्ये मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, तीही पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्याच जुन्या आवारात. चांगली गोष्ट आहे. तिथे फी किती, वसतिगृह आहे का, आणि शिकताना विद्यावेतन मिळतं का, हे तीन प्रश्न विचारा. कोर्सच्या पत्रकातलं बाकीचं नंतर वाचा.

अनुदान कशावर द्यावं, याबद्दलही माझं मत ठाम आहे. केंद्र सरकार इथे परदेशी निर्मितीने केलेल्या खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत परतावा देतं, कमाल ३० कोटी. त्याने काम येतं, पण ते काम करणाऱ्याला पीएफ मिळाला का, हे अनुदान विचारत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात करसवलत मोजतात ती मुख्यतः स्थानिक माणसांच्या वेतनावर. शिवाय व्हँकुव्हर परिसराच्या बाहेर दिलेल्या वेतनाला जादा सवलत ठेवली होती. त्यातून केलोना, व्हिक्टोरियासारख्या गावांत अ‍ॅनिमेशन स्टुडिओ उभे राहिले. लोक पळवाटा काढतात, मग सरकार नियम बदलतं, ते तिकडेही चालू असतं. पण कल्पना साधी आहे: पैसा वेतनाला बांधा आणि जागेला बांधा. आपल्याकडे हाच निकष लावून कल्याण, वसई, पनवेल, आणि त्यापलीकडे नाशिक-कोल्हापुरात पगारपत्रकावर दिलेल्या वेतनाला जादा परतावा दिला, तर तुमचे सीनियर रात्री अकराला अंधेरीत दिसणार नाहीत. इमारतीला अनुदान दिलं की इमारत उभी राहते, तिचं उद्‌घाटन होतं.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार आहात. इनबिटवीन, क्लीनअप, रंग, रोटो (दृश्यातली आकृती फ्रेमगणिक कापून वेगळी काढणं) ही कामं आधी जातील, काही गेलीच आहेत. त्यात मला भीती चित्रपटाची वाटत नाही, शिडीची वाटते. कारण ज्याच्या घरी कलेचं वातावरण नाही, इंग्रजी नाही, ओळख नाही, तो या धंद्यात याच खालच्या पायऱ्यांवरून आला. मीही. त्या काढून घेतल्या तर दिग्दर्शक थेट महागड्या कॉलेजातूनच येतील, आणि मग लेडीज डब्यात गवार निवडणारी बाई कोणाला सुचणार, सांगा. म्हणून मी माझ्याकडे नव्या मुलांना थेट बोर्डवर घेतो, बोर्ड आर्टिस्टच्या शेजारी बसवतो. सुरुवातीला काम हळू होतं. होऊ दे.

दिग्दर्शक व्हायचंय तर काय करा? दोन मिनिटांची फिल्म करा, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये, ते फुकट आहे. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला 'फ्लो' ब्लेंडरमध्येच झाला, लाटव्हियासारख्या चिमुकल्या देशात, साधारण ३५ लाख युरोत. हॉलिवूडच्या हिशेबात तेवढ्यात जाहिरातीही होत नाहीत. पण त्यावरून 'एकट्याने घरबसल्या ऑस्कर' असलं काही डोक्यात घेऊ नका. त्यामागे तिथल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राचा पैसा आणि फ्रान्स-बेल्जियमची सहनिर्मिती होती. मुंबईवरची फिल्म बघायची तर गीतांजली राव यांची 'बॉम्बे रोज' बघा. फ्रेम न् फ्रेम रंगवलेली, २०१९ मध्ये व्हेनिसला समीक्षक सप्ताहाची सुरुवात तिने झाली. रस्त्यावर फुलं विकणारी मुलगी त्यात आहे, आणि ती दयेचा विषय म्हणून आलेली नाही. कुठे थांबायचं आणि किती वेळ बघत राहायचं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

अंधेरीत पीजी घेऊ का, असं पुढे विचाराल. पहिलं वर्ष घ्या, परवडत असेल तर. दोन-तीन मुलं मिळून घ्या. डेलीज कशा चालतात, सूचना कशा देतात, प्रॉडक्शन मॅनेजर तारखा कशा सरकवतो, हे जवळून बघायला मिळतं. वर्षानंतरही स्टुडिओ रोज रात्री दहापर्यंतच चालत असेल तर तो स्टुडिओ सोडा, डोंबिवली सोडू नका.

आणि पहिला करार हातात येईल तेव्हा पगाराच्या आकड्याखालचं वाचा. 'कन्सल्टंट' लिहिलंय की ठरावीक मुदतीची नेमणूक, ते बघा. मुदतीच्या नेमणुकीत पीएफ मागता येतो, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीही लागू होते. काम सेकंदावर असेल तर रिटेकच्या किती फेऱ्या दरात धरल्यात ते विचारा. दोन ठीक आहेत. तिसरीपासून वेगळे पैसे, हे वाक्य घालून मागा. दिग्दर्शकाने अ‍ॅनिमॅटिक लॉकनंतर केलेला बदल 'रिटेक' समजायचा की 'नवीन काम', हेही त्याच पानावर लिहून घ्या. चाचणी म्हणून पूर्ण शॉट मागितला तर त्याचे पैसे मागा. न देणारे पुष्कळ आहेत, पण मागितल्यावर देणारेही निघतात. क्रेडिटमध्ये नाव कसं येणार त्याचं स्पेलिंगसुद्धा लिहून द्या, शेवटच्या आठवड्यात ती यादी घाईघाईत टाइप होते. कराराची प्रत इंग्रजीत असेल आणि डोक्यावरून जात असेल तर सही करायला दोन दिवस मागा. कामाची घाई त्यांना आहे, तर दोन दिवस ते थांबतात.